मंगळवार, साडेदहा

अंगठी आम्ही काढून देतो, म्हटलं.
पेसमेकर काढावाच लागतो, भट्टीत फुटतो.
मुलगा, इवोर, वहीत उतरवून घेत होता
सगळंच; पार्किंगचे पैसेसुद्धा.

किती वेळ?
दीडेक तास.
राख त्यांचीच, कशावरून?
नंबराचा बिल्ला सोबत आत जातो,
तोच बाहेर येतो.
आणि खुब्यातला स्टीलचा सांधा?
उरतो. हवा असेल तर देतो.
इवोरने पेन्सिल उलटी धरून
काहीतरी खोडलं.

नेस्टा कोट न काढताच बसलेली.
खिडकीबाहेर पाटीच्या खाणीचा चुरा,
डोंगराएवढा, ओला, निळसर.
वेल्समध्ये या बाजूला दुसरं काही दिसतच नाही.

"यांच्या छातीत चाळीस वर्षांची धूळ होती,"
ती म्हणाली. "डॉक्टरांनी फोटोत दाखवलेली,
पांढरी पांढरी.
ती जळेल का?"

एकोणीस वर्षं मी या खुर्चीत आहे.
दगड जळत नाही, एवढं कळतं.
तरी माहितीपत्रक उगाच चाळलं.
मग म्हटलं, नाही.
राखेतच राहील.

तिने मान हलवली,
भाजीवाल्याने भाव सांगावा तशी.
"मग जड होईल डबा.
इवोर, तू उचल.
माझा खांदा धरलाय कालपासून."