खालून पहिला

गुरुवारी सकाळी मी कर्कॉडीत
डूगल पेट्रीचा उजवा हात उघडते.
आधी करंगळी. मग अनामिका. तेवढ्यात समुद्राकडून धुकं येतं,
खिडकी पांढरी होते,
जमिनीवरचं लिनोलियम तेवढं हिरवं राहतं.
पोंक्षे हे माझं आडनाव त्याच्या तोंडात जातं
आणि पॉन्की होऊन बाहेर पडतं.
दोन पायऱ्यांत, तो म्हणतो. सोपं मॉडेल.

बावीस वर्षं तो हाय स्ट्रीटवरच्या खेळण्यांच्या दुकानात होता.
ट्रकचा माणूस होणारी, विमानाचा माणूस होणारी ती खेळणी
त्याने खोक्यांनी विकली.
दुकान बंद झालं तेव्हा शेवटच्या पगाराऐवजी
उरलेला माल घरी आणला.
"उरलेला म्हणजे कुठला, तूच विचार कर."

उत्तमांबद्दल बोलताना त्याची जीभ जरा सैल होते.
क्रेनहॉक! एकोणतीस पायऱ्या,
सुटा भाग एकही नाही, हूक वळून त्याचीच मूठ होते,
आणि केबिनमधून चेहरा असा वर येतो
की आतच होता, आपणच बघितला नव्हता.
खांदा बसताना कट्ट वाजतं.
ते कट्ट तो मला तोंडाने करून दाखवतो, दोनदा.
नाताळला तेरा दिवस असतानाच शेवटचा गेला.
लाल कोटातली एक बाई घेऊन गेली.
फोटोसुद्धा नाही.

वाईटांचा मात्र पुरावा आहे.
गेलब्लेड घे, हेलिकॉप्टर:
खालून दोन पाय ओढायचे की झाला माणूस,
अख्खं हेलिकॉप्टर तसंच पाठीवर,
जिन्यावरून एकटाच गादी नेणारा.
आणि मकरेक. कचऱ्याची गाडी.
उभी केली की माणूस. संपलं.
हात म्हणजे कडेला कोरलेल्या दोन रेघा,
डोळ्यांचे स्टिकर कारखान्यातच वाकडे लागलेले.
असे अकरा.
कपाटात एका रांगेत अकरा मकरेक,
वर्गात खालून पहिले आलेले,
एकाच तिरक्या नजरेने माझ्याकडे बघतात.

माझं पोट सांध्यांवर चालतं. गुडघे, खुबे, मनगटं.
सांधाच नसला तर झीजही नाही, असं काहीतरी
म्हणणार होते. नाही म्हटलं.
असली वाक्यं पेशंटला आवडत नाहीत.

एक उत्तम आहे त्याच्याकडे. गिल्डार.
अजून सील न तोडलेला.
प्लॅस्टिकमध्ये सोनेरी चकाकी मिसळलेली,
आणि त्या चकाकीनेच ते ठिसूळ होतं म्हणे,
कुणी हात न लावता, नुसती वर्षं जाऊन.
खोकं त्याने माझ्याकडे दिलं. मी हलवलं नाही, जरासं कलतं केलं,
तर आत सुपात तांदूळ घोळल्यासारखं वाजलं.
माझ्या तोंडून निघून गेलं,
नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.
समजावून सांगायला सात मिनिटं गेली.
कथील कुठलं, वाळा कसला, आणि ही बाई कोण.
मग तो हसला, तोंडाचा उजवा कोपरा सोडून.
"पण कथील टिकतं, पॉन्की."

मी दिलेला व्यायामाचा निळा गोळा त्याने मांजराला दिलाय.
म्हणून आज मकरेक हातात ठेवला.
कर उभा.
पडला.
पुन्हा पडला, कॉटखाली गेला, मी गुडघ्यावर बसून काढला,
अंगावर धूळ, बाकी काही नाही.
तुटायला त्यात आहे काय, डूगल म्हणाला, आणि एक शिवी
जी मला अजून नीट कळलेली नाही.
नवव्यांदा अंगठा बिजागरीखाली गेला.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
मी वहीत वेळ लिहिली.

निघताना त्याने एक मला दिला. ने, दहा पुरेत.
आता तो माझ्या गाडीत, काचेपाशी.
वळणावर आडवा होतो, कचऱ्याची गाडी होतो.
सिग्नलला मी त्याला उभा करते.