एकास बहात्तर

खोटं खऱ्यासारखं दिसेपर्यंत घासत राहायचं,
हाच माझा चाळीस वर्षांचा धंदा, बोहुश.
निम्मं पार्दुबित्से माझ्या दातांनी सफरचंद चावतं.
तेव्हा तुझं विमान मला जड नाही.

खोका तू ओस्त्रावाहून पाठवलास,
चिकटपट्टी वाकडीतिकडी.
हात थरथरतात, असं चिठ्ठीत नव्हतं.
चिकटपट्टीनंच सांगितलं.

आत तीच अविआ, दुपंखी,
तुकडे अजून आपापल्या फांदीला लोंबतायत,
नुसतं धड जोडलेलं, अकरा वर्षांच्या पोरानं,
नाकाशी डिंक ओघळून सुकलेला, शेंबडासारखा.
तो आधी काढला.

मग पंखांच्या मागच्या कडा, पावाच्या सालीएवढ्या जाड.
ज्यानं साचा कोरला त्यानं हे विमान
बहुधा धुक्यातूनच पाहिलं असावं.
ओल्या पॉलिशकागदावर फिरवत राहिले
आरपार उजेड दिसेपर्यंत.
रिवेट म्हणजे कोटाची बटणं. सगळ्या तासल्या.
शेपूट दोन मिलिमीटर आखूड.
दोन मिलिमीटर! एवढ्यानं माणसाचा जबडा मिटत नाही.
कापलं, पट्टी बसवली, सांधा दाताच्या सिमेंटनं बुजवला.
दह्याच्या डबीवरची चंदेरी चकती कापून
आसनाचे पट्टे केले.
तारांसाठी फांदीची काडी मेणबत्तीवर धरायची,
मऊ पडली की ओढायची, श्वास रोखून.
सात तुटल्या.
चिन्हांचा कागद पिवळा पडलेला,
तो खिडकीच्या काचेला लावून ठेवला.
एप्रिलचं फिकं ऊन पंधरा दिवस चाटत होतं,
तेव्हा कुठं पांढरं पांढरं झालं.

रविवारी फोनवर तू विचारतोस, कॉकपिट कसं काय?
भरतंय, मी म्हणते.

भरत नव्हतं.
सूचनांच्या कागदावर तुकडा एकविसावा : वैमानिक.
फांदीवर एकवीसच्या जागी नुसता खुंट.
तुला आठवत असेल, आईनं व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी
वर्तमानपत्रावर फोडली,
पिठाच्या चाळणीनं धूळ चाळली,
स्वयंपाकघरभर शिंका.
तू रडला नाहीस.
उडवणार कोण मग, एवढंच म्हणालास
आणि खोका वरच्या फळीवर ठेवलास,
चोपन्न वर्षं.

तो माझ्या मुठीत होता.
चाळणी हलत होती तेव्हाही.
सहा वर्षांची होते, बाहुलीला नवरा हवा होता,
कारण एवढंच.
तो तिच्या गुडघ्यालाही लागेना.
आठवड्यात लग्न मोडलं,
जिरॅनियमच्या कुंडीत पुरला त्याला, बोटभर खोल.
त्या कुंडीतली माती पुढं कुठं गेली
ते आईला ठाऊक, आणि आई नाही.

म्हणून परवा गुलाबी ॲक्रिलिक चिमूटभर कालवलं,
कवळीच्या हिरड्यांचं असतं ते.
चेहऱ्याला रंग लागलाच नाही.
टोपी, गॉगल, सुईच्या टोकानं नाक.
दात केले नाहीत.
बहात्तर पटींनी लहान माणसाला दात नसतात,
हे मी पेशाला स्मरून सांगते.
डावा खांदा जरासा वर राहिलाय,
तुझा राहायचा तसा, ट्राम वळणावर घेताना.
मुद्दाम नाही केलं.
घासून सपाट करता आला असता.

शनिवारच्या गाडीनं येतेय, खोका मांडीवर.
तू आधी पट्टी काढून शेपूट मोजशील,
ओळखते तुला.
मग वाकून आत बघशील.
तेव्हा मी कॉफी करत असेन,
किंवा कॉफीचा डबा शोधत असेन, कितीही वेळ.
काय सांगायचं ते अजून ठरत नाही.

एकविसावा जागेवर बसलाय.
सुकायला रात्रभर लागेल.