सुट्ट्या गोळ्या

रात्री दीडला भांडुपच्या गल्लीत
एकच शटर, तेही अर्धं.
गालाशेठ वाकून चिठ्ठी घेतात,
डॉक्टरांच्या मुंग्या सरळ वाचतात.

"अख्खी स्ट्रिप की चार?"
"चारच."
कात्री चालते.
तारखेची बाजू त्यांच्याकडे राहते.
खाकी पाकिटावर पेनाने सूर्य, खाली चंद्रकोर:
आप्पांना अक्षर लागत नाही
हे त्यांना कसं ठाऊक?

काल परत गेले.
चारातली एकच फोडलेली,
तो तुकडा काउंटरवर ठेवला.
'सुट्टा माल परत घेतला जाणार नाही'
पाटी डोक्यावरच होती.

शेठ काही बोलले नाहीत.
ड्रॉवर ओढला,
उरलेल्या सहा काढल्या,
आणि कापलेली कड कडेला लावून
जुळते का
बघत राहिले.