चौदा बाजूंचा फासा

विजयदुर्गच्या जेटीवर जाळं शिवत बसलेल्यांना
मी ग्योंगजूची गोष्ट सांगत होतो
आणि भिवा खवळ्याने पहिलाच प्रश्न विचारला:
"थंय बांगडो काय दरान गावता?"

मला दर ठाऊक नव्हता.
आमचं जहाज उलसानच्या सुक्या गोदीत उभं होतं,
पोट उघडं टाकून, कालवं खरवडून घेत,
आणि चीफने एक दिवस मोकळा सोडला.
बस सुटत होती. मी चढलो. एवढंच.

हजार वर्षं राजधानी होती म्हणे.
आता शाळा, बेकऱ्या, भाड्याच्या सायकली,
आणि मधेच, घरांच्या पाठी,
हिरव्यागार उडव्या.
आपल्या पेंढ्याच्या असतात तशाच, पण माडाएवढ्या,
वर हरळी कापून गुळगुळीत केलेली.
आत राजे.
बऱ्याच जणांचं नावही उरलेलं नाही,
पाटीवर नुसता नंबर, गोदीतल्या जहाजाला असतो तसा.
"येवढी जमीन मेलेल्यांक?" सदा तारकर म्हणाला
आणि सुईत दोरा भरायला वाकला.

तारे बघायचा एक मनोरा आहे तिथे,
बाटलीच्या घाटाचा, दगडावर दगड,
अर्ध्या उंचीवर एक चौकोनी खिडकी.
वर्षाच्या दिवसांइतके दगड, असं सांगतात.
चैत्रापासून मोजत मी आषाढापर्यंत पोचलो,
मग शाळेची पोरं मधे आली.
धाकू तांडेल होडीत उभ्या उभ्या सांगतो
कृत्तिका कुठे आल्या की वारा फिरतो.
त्याला खिडकी लागत नाही.
पण त्याचं कोणी लिहूनही ठेवलेलं नाही.

दुपारी दुसरी बस पकडली, समुद्राकडची,
कारण एक राजा पाण्यात आहे असं कळलं.
किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर काळे खडक,
मधल्या भेगेतून पाणी येतं, जातं,
आत थोडा वेळ थांबतं.
मरताना तो म्हणाला होता: मला मातीत नको.
मी नागासारखा काहीतरी होईन
आणि लुटायला येणारी तारवं अडवीन.

इथे सगळ्यांचे हात थांबले.
"म्हंजे राखणदार," धाकू तांडेल म्हणाला.

हो. तोच शब्द. तिकडे मला सुचला नव्हता.
वाळूवर बायका मेणबत्त्या लावून बसल्या होत्या,
पुढ्यात भात, सफरचंदं, सुका मासा.
एकीने न विचारता माझ्या तळव्यावर भात ठेवला.
मी उभ्यानेच खाल्ला
आणि मला दाजीकाका आठवला.
गिर्ये-रामेश्वरच्या पाण्यात त्याची होडी गेली तेव्हा
त्याला कोणी राखणदार म्हटलं नाही.
म्हटलं, इंजिन जुनं होतं.
कागदावर लिहिलं, वय अंदाजे पन्नास.

हे जेटीवर मी बोललो नाही.
समोर त्याचाच वैकुंठ बसला होता,
गाठ दातांनी ओढत.

मग मी खिशातून फासा काढला.
राजवाड्याच्या तळ्यातल्या गाळात सापडलेल्या
लाकडी फाशाची नक्कल, चौदा बाजूंची.
खरा बाराशे वर्षं पाण्यात टिकला,
वर काढून सुकवायला भट्टीत ठेवला
आणि जळून गेला.
"पाण्यातच बरो होतो," कोणीतरी म्हणालं. हसलं कोणी नाही.

प्रत्येक बाजूवर दारू पिणाऱ्या दरबाऱ्यांना एकेक हुकूम:
तीन पेले एकदम.
सगळ्यांनी मिळून याच्या नाकावर टिचकी.
गुदगुल्या केल्या तरी हलायचं नाही.
दुकानातल्या मुलीने इंग्रजीत लिहून दिले होते,
मी रात्रपाळीत, इंजिनरूममध्ये, मराठीत केले.

भिवाने टाकला, त्याला टिचक्या पडल्या.
सदाला तीन पेले आले, चहाचे चालवून घेतले.
वैकुंठने टाकला. फासा जाळ्यावरून घरंगळत
नायलॉनच्या एका डोळ्यात अडकला.
मी चिठ्ठीशी ताडून पाहिलं:
आवाज न करता नाच.

"गाण्याबगर?"
"गाण्याबगर."

तो उठला. चपला काढल्या.
सिमेंटवर नुसती पावलं,
गुडघे वाकलेले, होडीत तोल धरतात तसे,
हात हवेत काहीतरी ओढत.
टाळी नाही, हुंकार नाही,
जेटीच्या खांबांवर पाणी आपटत होतं तेवढंच.
भिवा अजून नाक चोळत होता.
हुकूम केव्हाच पुरा झाला होता.
वैकुंठ थांबला नाही,
त्याची पाठ आमच्याकडे होती.