‘लेफ्ट’च्या पुढे

पाजपंढरीची शाळा, नववी ब.
तीस वह्या, तीसही वह्यांना तोच रोग :
व्हेन द बोट लेफ्ट द शोअर वॉज डार्क.

वाचून बघा. होडी किनारा सोडते
आणि ‘वॉज डार्क’ एकटंच उरतं,
काळोखात कोण, ते सांगायला
वाक्यात कुणी नाही.

फळ्यावर दोनदा समजावलं :
आधीचा तुकडा संपला की दम खा,
मग खरं वाक्य.
मागच्या बाकावरून सुलक्षा पावसे म्हणाली,
“मराठीत नाय लागत, सर.
होडी सुटली तेव्हा. झालं.
‘तेव्हा’ स्वतःच थांबतो.”

घंटा झाल्यावर उत्तर सुचलं :
इंग्रजीतला ‘तेव्हा’ आधीच येऊन बसतो,
शेवटी थांबायला कुणी उरत नाही.
वर्ग तोवर रिकामा.

रात्री तिच्या वहीत
‘लेफ्ट’च्या पुढे, ओळीच्या किंचित खाली,
नेमका स्वल्पविराम.
लाल पेनाने बरोबरची खूण केली,
वर ‘शाब्बास’ही लिहिलं.
पान मिटताना तो निखळला,
चादरीवर पडला :
सुकलेला जवळा,
शेपटी आत वळलेली, दोन काळे डोळे.
अंगणात वाळत घातलेल्यांतला एक
तिच्याबरोबर अभ्यासाला बसला असणार.

चिमटीत उचलला.
खूण खोडायला गेलो, तर
पानावर त्याचा डाग राहिलेला,
त्याच जागी, तेवढाच वाकडा,
आणि वाक्य, वास मारत का होईना,
बरोबर वाचता येत होतं.