जावक

चोपडा आगारात तेहतीस वर्षं भांडार सांभाळलं,
म्हणून घरातही वही ठेवतो : आवक, जावक, शिल्लक.
अकरा ड्रम पाणी. कळण्याचं पीठ बारा किलो.
बिबड्यांचे दोन डबे, मेणकापडात काडेपेट्या,
दोन कंदील आणि कंदिलाच्या तीन काचा.
गल्ली हसायची. लीलाधर शिंपी ओट्यावरून ओरडायचा,
"नाना, इतलं कसाले भरी ठेवतस? युद्ध शे का?"
मी वाती कापत बसायचो.

मे संपता संपता ते आलं,
सातपुड्याकडून, लालभडक, आधी आवाज आणि मग धूळ.
पाव तासात केळीच्या बागा आडव्या.
विजेचे खांब असे वाकले
जसे कुणी चपला शोधतंय.
पाण्याची टाकी उभीच होती,
पण तिच्यात पाणी चढवणार कोण?
नळ तसाही आठ दिवसांनी यायचा.
तो सातवा दिवस होता.

रात्री कंदिलाशी हिशेब मांडला :
माणसं दोन, दिवस एकवीस.
आकडा चोख जमला. मी दाराला आतून कडी घातली.
खोटं कशाला बोलू,
त्या कडीच्या आवाजानं मला बरं वाटलं.

सकाळी समोरच्या खोलीतली हमिदा तडवी,
पाच महिन्यांची पोर खांद्यावर, हातात झाकणाचा डबा.
काही मागितलं नाही तिनं. नुसती उभी राहिली.
द्वारकानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"तुम्ही लिहा," म्हणाली, "मी ओतते."

मग तांबे आले, कळश्या आल्या,
रंगाचे रिकामे डबे आले, एक तर कुकर आला.
मी नियम केला : घरटी एक कळशी, रोज सकाळी.
नियम केला तशी कुजबूज आली,
"जसं काही यानंच नदी खोदली."
एकानं मोटरसायकल पुसायला मागितलं.
त्याचं नाव वहीत आहे, इथे नाही.
लीलाधर आला नाही. अंधार पडल्यावर
पोराला पाठवायचा, मागच्या दारानं,
आणि पोरगं माझ्याकडे न बघता म्हणायचं,
"आईनं सांगितलंय."

चौथ्या रात्री द्वारका झोपल्यावर
अकरावा ड्रम मी तुरकाट्यांच्या मागे सरकवला,
वर दोन गोणपाटं टाकली.
वहीत शिल्लक लिहिताना
एक ड्रम कमी लिहिला.
तेहतीस वर्षांत एक नट कमी लिहिला नव्हता.

नवव्या दिवशी वीज आली,
सगळ्यांचे पंखे एकदम ओरडले.
दुसऱ्या दिवशी भांडी परत यायला लागली,
आम्ही उसनी दिलेली, घागरी, पातेली.
आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत,
पण घरांमध्ये होतं काय?
एका पातेल्यात गुळाचा खडा. एकात दोन मिरच्या.
हमिदाच्या डब्यात बोटभर मीठ,
एका घागरीत पडक्या बागेतली हिरवी केळी, सात.
शिंप्याच्या घागरीत एक सुई, दोऱ्यासकट, कागदात टोचलेली.
द्वारका म्हणाली, "लिहा आता आवक."
मी पेन हातात घेऊन बसलो.
सुई कुठल्या रकान्यात लिहायची?

त्या रात्री तुरकाट्या बाजूला केल्या.
ड्रममध्ये डासांच्या अळ्या नाचत होत्या,
वाकड्यातिकड्या, माझ्याच अक्षरासारख्या.
आवाज न करता सगळं पाणी
निंबाच्या बुडाशी ओतलं.

कुणी पाहिलं नाही,
असं मी म्हटलं असतं,
पण पलीकडच्या गच्चीवर विडी पेटलेली होती.
लीलाधर खोकला.
"निंबले पानी घाली राहिना का, नाना?"
"हं," मी म्हटलं.
"चांगलं शे," तो म्हणाला,
आणि विडी विझवली.