दोन हात सोडून

ग्विलिम डँडेलियनला पाण्यात पाहायचा.
उतारावरचं आमचं घर, मागे हिरवळ,
हिरवळीच्या तळाशी तळं,
तळ्यात अकरा सोनेरी ऑर्फ
आणि एका डोळ्याने आंधळी म्हातारी कोई, मोरवेन.

चॅपलहून परतणारे कुंपणावरून डोकावत.
त्यांना एकही पिवळा ठिपका दिसू नये
म्हणून त्या मे महिन्यात त्याने पाठीवर पंप चढवला.
वारा नव्हता. डब्यावरचं बारीक अक्षर
चष्मा घरात होता म्हणून वाचायचं राहिलं.
तीनच्या सुमाराला पाऊस आला, वेल्समध्ये येतो तसा,
कुणाला न विचारता,
आणि उताराने जे हाती लागलं ते
सगळं खाली नेऊन दिलं.

सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले
तर तो काठावर उकिडवा.
अकरातले नऊ. पोटं वर.
डँडेलियन अजून उभेच होते,
मान थोडी मुरडून.

नऊ मासे सफरचंदाखाली पुरले.
उरलेला डबा तो एलुनेडच्या गाडीतून
कौन्सिलच्या केंद्रावर पोचवून आला,
मांडीवर धरून, आजारी मांजर न्यावं तसा.
मी काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं का, ते अजून कळलेलं नाही.

आता एप्रिल लागला की
गुडघ्याखाली जुनी उशी
आणि हातात माझी बटाटे सोलायची सुरी.
माती ओली असतानाच बसतो,
म्हणजे गाजरासारखं मूळ शेपटासकट येतं.
मध्येच तुटलं तर वेल्शमध्ये जे म्हणतो
ते मी इथे लिहिणार नाही.
घराजवळच्या फरशीच्या फटींना किटलीतलं उकळतं पाणी;
तळ्याजवळच्या फटी मात्र तो बोटाने उकरतो.
कापलेलं गवत पाण्यावर उडालंच
तर पिठाच्या चाळणीने गोळा करतो,
कुजलं की माशांचा श्वास खातं म्हणे.
(माझी ती चाळणी गेली ती गेलीच.)
क्लोव्हरला त्याने माफ केलं आहे.
आणि काठालगतची दोन हात जमीन
हातची राखून ठेवली आहे:
तिथे लव्हाळे, पाणपुदिना, बेडूक,
तिथे सुरी जात नाही.

काल त्या दोन हातांतलाच एक डँडेलियन
पांढरा होऊन सुटला.
पाण्यावर तंतू उतरले.
मोरवेन वर आली, एक गिळला, लगेच थुंकला.
ग्विलिम हसला. मोठ्याने.
मग नळावर हात धुतले, कोपरापर्यंत,
आणि तिला दाणे घालायला वाकला.

ती त्याच्याकडे
कुठल्या डोळ्याने बघते
ते मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही.